उपवासाच्या डब्यातलं कूट

माझ्या हातचा भाजका मासा खाऊन ज्या बायका कृती विचारतात, त्यांना मी सगळं सांगते. माशाचे जाड तुकडे घ्या, काटा काढलेला असेल तर उत्तम. मीठ, हळद, लिंबू लावून ठेवा. आलं-लसूण वाटून घट्ट दह्यात कालवा, त्यात चमचाभर बेसन टाका म्हणजे वरचा थर सुटत नाही. तुकडे त्यात बुडवा, दाण्याच्या जाडसर कुटात तीळ आणि तिखट मिसळून त्यात घोळवा, आणि ओव्हनमध्ये दोनशेवर वीस-पंचवीस मिनिटं ठेवून द्या. कढईपुढं उभं राहणं नाही, रस्सा ढवळणं नाही. एवढं सोपं जेवण दुसरं नसेल. फक्त एक गोष्ट मी दोनदा बजावते. कूट आधी ताटलीत काढून घ्या, माशाचा हात डब्यात घालू नका. बायका मान हलवतात. त्यांना वाटतं, ही स्वच्छतेची फारच दिसते. स्वच्छतेची मी कसली! हे लिहितानाही सकाळची भांडी मोरीत तशीच पडली आहेत.

लग्न होऊन मी पालीकडं आले तेव्हा मला मासा साफसुद्धा करता येत नव्हता. माझं माहेर वडवणीकडचं. समाज तोच मासेमारांचा, पण आमच्या तळ्यात वर्षातले चार महिने पाणी, म्हणून वडिलांनी केव्हाच जाळी माळ्यावर टाकून शेती धरली होती. सासरी मात्र सगळं धरणावर चालायचं. नवरा मच्छीमार सोसायटीचा सचिव. सोसायटी म्हणजे धरणात जाळी टाकणाऱ्या घरांनी मिळून काढलेली सहकारी संस्था. पावसाळ्यात माशांचं बी आणून पाण्यात सोडायचं, ते वाढू द्यायचं आणि मग पाळीपाळीनं मासे काढायचे. सासूबाईंनी जन्मभर ती मासळी विकली. सकाळी टोपलं डोक्यावर घेऊन त्या बीडच्या बाजारात जायच्या. गिऱ्हाईक कल्ला उघडून आत लाल आहे का बघायचं, या मात्र नुसत्या वासावरून सांगायच्या की मासा आजचा की कालचा, खोल पाण्यातला की काठच्या गाळातला. मी त्यांची थट्टा करायचे.

"आत्या, तुमच्या नाकाला सोसायटीत नोकरी लावा."

"नाक हाय म्हनून तर घर चाललं, बाई," त्या म्हणायच्या. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात.

विकून आल्यावर त्या खायच्याही तेवढ्याच आवडीनं. माशाचं डोकं त्यांचं, हा घरातला कायदा. चुकून ते दुसऱ्याच्या ताटात गेलं तर साठीची बाई लहान पोरीसारखी रुसून ओसरीवर जाऊन बसायची. त्यांना तोंडावर बोलायची सवय होती. भाकरी करपली, पदर घसरला, पाहुण्याला पाणी उशिरा दिलं, जे दिसेल ते जागच्या जागी बोलून मोकळ्या व्हायच्या. पहिली दोन वर्षं मी फार रडले. मग कळलं की त्यांच्या पोटात काही राहत नाही, आणि मी निर्धास्त झाले. निदान तसं मला वाटत होतं.

ओव्हन आला तो धरण तुडुंब असताना. सोसायटीनं सभासदांच्या बायकांसाठी प्रशिक्षण ठेवलं होतं. शहरातून एक बाई आल्या, सोबत छोटा ओव्हन. त्यांनी माशाच्या तुकड्यांना बदामाचा चुरा लावला, तेव्हा मागून एकीनं विचारलं, "बदाम माशाला खाऊ घातल्यावर लेकरांनी काय खायचं?" सगळ्या खो खो हसलो. बाईही हसल्या आणि म्हणाल्या, मग शेंगदाणे घ्या, तुमच्याकडं शेंगदाण्याला काय तोटा. ओव्हन आमच्या गटासाठी ठेवून त्या गेल्या. तो ठेवायचा कुठं? आमच्या घरातलं वायरिंग त्यातल्या त्यात धड, म्हणून आमच्याकडं. बायका त्याला भट्टी म्हणायच्या. सासूबाईंनी पहिल्या दिवशी नाक मुरडलं, तुकडा उलटापालटा करून हुंगला, म्हणाल्या, "दात न्हाईत त्याच्यासाठी बरं हाय." आणि तीन तुकडे खाल्ले.

मग दुष्काळ लागला. पाऊस नाही तशी धरणाची एकेक गोष्ट वर येऊ लागली. आधी पलीकडचा जुना रस्ता, मग बुडालेल्या विहिरीचा काठ, मग कुणाच्या तरी जुन्या गोठ्याचा पाया. त्या वर्षी सोसायटीनं माशांचं बी सोडलं नाही. कशात सोडणार? हे ऑफिसात जाऊन बसायचे आणि तसेच घरी यायचे. घरात कुणी मोठ्यानं बोलेना.

धरणाच्या काठाला आसरांचं ठिकाण आहे. आसरा म्हणजे पाण्यातल्या साती बहिणी; शेंदूर फासलेले सात दगड ओळीनं मांडलेले. जाळ्याचा पहिला मासा आमचे लोक त्यांच्यापुढं ठेवून मगच बाजाराला जातात. एके दिवशी सासूबाई मला नारळ घेऊन तिथं घेऊन गेल्या. दगडांना पाणी घातलं, आणि हात जोडून मोठ्यानं म्हणाल्या, "सांडव्यावरून पानी पडस्तोवर मासळी तोंडात घालनार न्हाई. घातली तर धरन माझ्यावर रुसू दे." सांडवा म्हणजे धरण भरल्यावर जिथून जादा पाणी बाहेर पडतं ती भिंत. मी तिथं नारळ धरून उभी होते आणि मला खरं तर रागच आला. पावसाचा एवढा मोठा कारभार काय यांच्या जिभेवर चालतो? पण बोलले नाही. बारावी शिकलेल्या सुनेनं असलं काही बोललं की शिक्षणाचा उद्धार होतो, हे मला अनुभवानं ठाऊक होतं.

त्या दिवसापासून त्यांनी सोमवारही धरले. खाण्यासाठी जगणारी बाई ती, उपवासाच्या दिवशी दुपारची साबुदाण्याची खिचडी एवढंच काय ते सुख. त्या खिचडीसाठी कूट वेगळं. रोजच्या डब्यात कांदा-लसणाचा हात जातो, चटणीचा चमचा जातो, ते उपवासाला चालत नाही. म्हणून सासूबाईंचा पितळी डबा देव्हाऱ्याखालच्या फळीवर. त्याला हात लावायचा तो आंघोळ करून, कोरड्या चमच्यानं. शेंगा त्यांच्या आष्टीच्या भावानं धाडल्या होत्या, एकच गाठोडं, आणि वर निरोप की विहिरीनं तळ गाठला, आता पुन्हा शेंग कधी होईल सांगता येत नाही. त्या स्वतः दाणे भाजायच्या, फोलपटं पाखडायच्या, खलबत्त्यात कुटायच्या. मिक्सरचं कूट तेलकट होतं म्हणायच्या.

नवसाला वर्ष उलटून गेलं आणि धरणात मधोमध एक डबकं तेवढं उरलं. मासे तडफडून मरण्याआधी काढून घ्यायचे असं सोसायटीत ठरलं. तो रविवार होता. पुरुष मांडीइतक्या चिखलात उतरले. पूर्वी एवढे मासे निघाले की काठावर जत्रा व्हायची, त्या दिवशी कुणी हाकसुद्धा मारत नव्हतं. हे दुपारी घरी आले ते चिखलानं भरलेले, हातात एक मोठा कटला. उंबऱ्यातच बसले.

"उद्या सकाळी निघतो," म्हणाले. "सोलापूरकडच्या धरनावर मानसं पायजेत. आता हितं काय हाय?" मग मासा माझ्याकडं सरकवून म्हणाले, "ते भट्टीतलं कर. पुन्हा कवा खायचं कुनाला ठावं."

मला रडू आलं, पण रडायला वेळ नव्हता. त्या दिवसांत लाईट दुपारी तीनला यायची आणि पाचला जायची. तीन वाजून गेले होते. गाळातला मासा म्हणजे चिखलाचा वास, म्हणून लसूण दुप्पट घेतला. धुवायला पाणी मोजकं, एका तांब्यात सगळं उरकलं. दह्यात तुकडे बुडवले आणि कुटाचा रोजचा डबा उघडला तर तळाला नुसती फोलपटं. शेजारी मागावं तर दाणे कुणाकडं असणार? सासूबाई टँकरच्या रांगेत गेल्या होत्या. मी फळीवरचा पितळी डबा काढला. मनाशी म्हटलं, वाटीभर घेते, कोरड्या चमच्यानं घेते, आत्यांना नंतर सांगते. वाटीभर घेतलंही. पण कटला मोठा, तुकडे संपेनात आणि वाटीतलं कूट संपलं. तेवढ्यात दिवा एकदा मिणमिणला. लाईट जाते की काय म्हणून मी घाबरले आणि रोजच्या सवयीनं माझा हात, हळद-दही-लसणानं आणि माशानं भरलेला हात, मनगटापर्यंत त्या डब्यात गेला.

काढला तेव्हा डब्यात बोटांच्या जागी पिवळे ओले गोळे दिसत होते. खरं तर तेव्हाच डबा रिकामा करायला हवा होता. पण त्या वर्षी आमच्या घरात काहीच टाकलं जात नव्हतं. तांदूळ धुतलेलं पाणी म्हशीला, भांडी विसळलेलं पाणी कढीपत्त्याला. अर्धा डबा कूट मी कोणत्या हातानं उकिरड्यावर टाकणार होते? मी चमच्यानं पिवळं पिवळं काढलं, चुलीत घातलं, खालचं हलवून सारखं केलं, हुंगून बघितलं. मला काही वास आला नाही. झाकण लावून डबा होता तसा ठेवला.

मासा चांगला झाला होता. हे मान खाली घालून खात होते. सासूबाई ओसरीवर पाठ करून बसल्या आणि त्यांनी भाकरी मिरचीशी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सोमवार. सकाळी हे गेले. सासूबाई त्यांच्यामागं फाट्यापर्यंत चालत गेल्या आणि दुपारी उन्हाच्या आल्या, तोंड सुकलेलं. खिचडी मी केली. त्याच कुटाची. डोळे खिळल्यासारखी मी चुलीकडंच बघत होते, कारण त्यांच्या ताटाकडं बघवेना. पहिला घास घेऊन त्या थांबल्या. मग त्या खायला लागल्या, सावकाश, आणि ताट संपल्यावर म्हणाल्या, "आजून हाय का गं?" मी वाढली. तीही संपवली. "चांगली झाली," एवढंच बोलल्या. मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले. त्या बाईला संशय आला असता तर तिनं ताट भिरकावलं असतं, बोलल्याशिवाय राहणं तिच्या रक्तातच नव्हतं.

पुढच्या सोमवारी त्यांनी पितळी डबा माझ्यापुढं आणून ठेवला. "हे कूट तू भाजीला घे. मला खिचडी पचत न्हाई आता." त्या दिवसापासून त्या नुसत्या भगरीवर आल्या, तीही बिनकुटाची. पुढं एकादशीही धरली. मग सोमवारी आसरांकडं अनवाणी जायला लागल्या, तापलेल्या खडकावरून. मला वाटलं, लेक दूर गेला म्हणून करतात.

पाऊस त्या वर्षी आला नाही. त्याच्या पुढच्याही वर्षी आला नाही. डबक्याचीही भेगाळलेली माती झाली. सोसायटीच्या ऑफिसला कुलूप लागलं. आणि मी, बारावी शिकलेली, ढग कसा तयार होतो ते शाळेत पाठ केलेली मी, रोज त्या पितळी डब्याकडं बघून मनात स्वतःलाच म्हणायचे, हे तुझ्यामुळं. आत्यांनी नवस पाळला आणि तू त्यांच्या नकळत त्यांच्या पोटात मासा घातलास. हसण्यासारखं आहे ना? मला हसू आलं नाही कधी.

एकदा टँकरच्या रांगेत बायकांमध्ये विषय निघाला. एक म्हणाली, "कुनाचं तरी चुकलं असंल, त्याबिगर आसरा एवढ्या रुसत न्हाईत." दुसरी म्हणाली, चुकणारा बोलणार थोडाच. मी मान खाली घातली. शेजारी सासूबाई उभ्या होत्या, घागर कमरेवर घेऊन. त्या तर कधी कुणाचं ऐकून घेत नसत. त्याही गप्प राहिल्या, आणि मला वाटलं, त्यांना उन्हानं बोलवत नाही. तिथंच सांगून टाकावं असं फार वाटलं. सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं. पण जीभ उचलली नाही, आणि आम्ही दोघी आपापल्या घागरी घेऊन पुढंमागं चालत घरी आलो.

तिसऱ्या वर्षी पाण्याचं बरं झालं आणि भादव्यात धरण सांडव्यावरून वाहिलं. हे परत आले. सोसायटीचं कुलूप निघालं. तोवर सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. अंगात काही उरलं नव्हतं. उपवासांनी आणि उन्हानं नुसती हाडं झाली होती. मी ह्यांना म्हटलं, मासा आणा. माझ्या मनात एकच होतं, त्यांचा नवस आता फिटला, त्यांना त्यांच्या जिभेचं सुख द्यायचं, आणि मग पायावर डोकं ठेवून त्या खिचडीचं सांगून टाकायचं. रोहू आला. मी काटा न् काटा काढला, ताजे दाणे खलबत्त्यात कुटले, मिक्सर लावला नाही. ओव्हनचा दिवा किती दिवसांनी पेटला होता.

ताट घेऊन उशाशी बसले. "आत्या, सांडवा पडतोय. घ्या, मऊ हाय, चावायला नको."

त्यांनी डोळे उघडले, वास घेतला. नाक अजून शाबूत होतं. "भट्टीतला हाय," म्हणाल्या. "मला न्हाई चालायचा."

"आवो, नवस फिटला की."

"माझा नवस कवाच मोडला, पोरी."

"कवा मोडला?" मी विचारलं.

"त्या सोमवारची खिचडी. लेक गेला त्या दिवसाची. लसनाचा वास आलता, आन् त्याच्याखाली गाळातल्या कटल्याचा. पैल्याच घासाला."

मी ताट खाली ठेवलं. "मग बोलला कावून न्हाई?"

"बोलले असते तर ताट सारावं लागलं असतं." त्यांनी ताटाकडं बघितलं. "वरीस उलटून गेलतं जिभंला मासळी लागून. म्हनलं एक घास. मग मागूनच घेतली. धरन माझ्यापायी कोरडं राह्यलं. लेकरू परमुलखात गेलं."

"आत्या, चूक माझी हाय. माझा हात गेलता डब्यात. तुमचा काय दोष?"

"तुझा हात चुकून गेलता," त्या म्हणाल्या. "मी चुकून न्हाई खाल्लं."

मी खूप बोलले. ओरडलेच जवळजवळ. पावसाला काय तुमच्या खिचडीची खबर, म्हटलं. सगळ्या मराठवाड्यात पाऊस नव्हता, सगळ्या मराठवाड्यानं काय तुमची खिचडी खाल्ली होती? त्यांनी ऐकून घेतलं. मग माझ्याकडं बघून शांतपणे विचारलं, "मंग तू कावून त्या डब्याकडं बघून भेतीस? रोज बघते मी."

त्यांना माहीत होतं. माझी भीती त्यांना पहिल्यापासून दिसत होती, आणि त्यांची मला एकदाही दिसली नाही. मी पुन्हा ताट पुढं केलं, एक तुकडा मोडून ओठांशी नेला. त्यांनी माझं मनगट धरून हळूच बाजूला सारलं.

"मला खायचा तेवढा मी तवाच खाल्ला," म्हणाल्या, आणि भिंतीकडं तोंड केलं.

बाहेर सगळं गाव सांडवा बघायला चाललं होतं. मी तिथंच खाली बसून राहिले. मासा गार झाला, वरचं कूट मऊ पडलं. मग मी तो खाल्ला, एक एक करून सगळे तुकडे. टाकवला नाही.